राहणार फिरस्ता: तुरुंग, मनोरुग्णालय आणि फुटपाथ यांच्यामध्ये काम करू पाहणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलं-मुली फील्डवर्कला आमच्या संस्थेत येतात तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात समुपदेशन असतं. तुरुंगातल्या एखाद्या शांत खोलीत आपण बंद्यासमोर बसलोय, तो हळूहळू बोलता होतोय, असं काहीतरी. प्रत्यक्षात पहिला महिना जातो तो कोर्टातल्या कारकुनाच्या टेबलापुढे. केस नंबर शोधा, पुढची तारीख लिहून घ्या, रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या, नकलेसाठी अर्ज टाका, मग सरकारी रुग्णालयात जाऊन केस पेपर काढा, आणि संध्याकाळी चौकशी करा की आज अमक्याला तारखेला आणलं होतं का. नव्हतं आणलेलं. पोलीस गार्ड मिळाला नाही. पुन्हा चौदा दिवसांची तारीख.

काहींचा इथेच हिरमोड होतो. मी मुंबई-ठाण्यात हे काम करते, आणि माझं एक मत वर्षागणिक पक्कं होत गेलंय. मानसिक आजार असलेला बेघर माणूस तुरुंगाबाहेर पडावा यासाठी लागणारे कायदे आपल्याकडे बऱ्यापैकी आहेत. ते पडून राहतात, कारण त्या माणसाच्या वतीने कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणारं कोणी नसतं. या क्षेत्रातली नोकरी म्हणजे मुख्यतः तेवढंच. समुपदेशन होतं, पण कोर्टाच्या जिन्यात किंवा मुलाखतीच्या जाळीतून, मिळेल त्या पाच मिनिटांत.

सुरुवातीला एक कागद नीट वाचायला शिका: अटकेचा फॉर्म. आमच्या कित्येक फायलींत पत्त्याच्या रकान्यात दोनच शब्द असतात, ‘रा. फिरस्ता’. वय ‘अंदाजे ४५’. अटकेची माहिती कोणाला दिली, तिथे आडवी रेघ. कलमं बघायला जावं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १२२ किंवा १२४, म्हणजे रात्री संशयास्पद स्थितीत सापडला, किंवा जवळच्या मालाचा समाधानकारक खुलासा देऊ शकला नाही. नाहीतर किरकोळ चोरी: नळाची तोटी, रेल्वेच्या हद्दीतलं भंगार, दुकानाबाहेर टांगलेली चप्पल. ज्याच्या कानात चोवीस तास आवाज चालू आहेत त्याने रात्री दोन वाजता हवालदाराला समाधानकारक खुलासा द्यायचा, अशी अपेक्षा आहे.

आता हा एक रकाना पुढे कुठेकुठे आडवा येतो ते बघा. कायद्याची पुस्तकं वाचताना हे लक्षात येत नाही, कारण तिथे प्रत्येक कलम वेगळ्या पानावर असतं.

जामिनाला जामीनदार लागतो. जामीनदाराचं रेशन कार्ड, पगाराची स्लिप, राहण्याचा पुरावा. फुटपाथवरच्या माणसासाठी हे कोण देणार? १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात राहतो म्हणून त्याची हमी नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर खालच्या कोर्टाला चांगलंच सुनावलं. तो निकाल वाचाच, पण रोजच्या वापरासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ पाठ करा: जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं गृहीत धरून जातमुचलक्यावर, कोर्टातल्या भाषेत पीआर बाँडवर, सोडायला हवं. शिवाय २०२३ पासून गरीब बंद्यांसाठी केंद्राची एक योजना आहे, तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण जावं लागतं. आपणहून जात नाही, न्यावं लागतं.

प्रोबेशनचं, म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न धाडता सोडण्याचं, बघा. १९५८ चा परिवीक्षा कायदा कागदावर फार उमदा आहे. पण कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडायचं तर त्या माणसाचं किंवा त्याच्या जामीनदाराचं कायमचं राहण्याचं ठिकाण नाहीतर नियमित काम आहे, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. म्हणजे पुन्हा पत्ता. त्याच कायद्यातलं कलम ३ मात्र नुसती समज देऊन सोडण्याचं आहे, त्याला ना बाँड लागतो ना पत्त्याची अट. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्हा साध्या चोरीसारखा किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा असेल तर ते लागू होतं. विधी सेवेचे, म्हणजे सरकारतर्फे मोफत मिळणारे, वकील बहुतेक वेळा ४ मागतात. तुम्ही त्यांना ३ ची आठवण करून द्या. हळूच, अर्थात. वकिलाला चारचौघांत कलम सांगितलेलं आवडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६९. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ३३० होतं, १ जुलै २०२४ पासून नवा आकडा. मानसिक आजारामुळे आरोपी स्वतःचा बचाव करू शकत नाही असं ठरलं, की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, त्याला जामिनावर सोडता येतं. अटी दोन. त्याला भरती करून घेण्याची गरज नसावी, आणि एखाद्या ‘मित्राने किंवा नातेवाइकाने’ त्याच्या नियमित ओपीडी उपचारांची आणि तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची हमी घ्यावी. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरदार असलेला माणूस असणार. आमच्या माणसाला नातेवाईक असतात, पण कुठे आहेत ते त्याला सांगता येत नाही. मित्र असतात, पण तेही फिरस्तेच.

हा मित्र तयार करणं हे आपलं काम. नवखी मुलं भावनेच्या भरात म्हणतात, ताई, मी सही करतो. करू नका. हमी संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ठरावावर, लेटरहेडवर द्यायची, आणि त्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट निभावता येईल इतकीच लिहायची. तुम्ही उद्या नोकरी बदलाल, तुमची वैयक्तिक सही मात्र त्या फायलीत राहील. एकदा का एखाद्या संस्थेचा हमी दिलेला माणूस तारखेला आला नाही आणि संस्थेनेही काही कळवलं नाही, की त्या कोर्टात पुढच्या दहा जणांचा रस्ता बंद. उलट माणूस हरवला तर आपणच आधी जाऊन सांगितलं, मिसिंगची नोंद केल्याचा कागद लावला, तर न्यायाधीश समजून घेतात. मला तरी बहुतेकदा असाच अनुभव आला.

कोर्टात द्यायचा अहवाल एका पानाचा करा. कॉलेजात शिकवलेली केस हिस्टरी, बालपण, जेनोग्राम म्हणजे कुटुंबाचा आराखडा, हे सगळं तुमच्या फायलीत राहू दे. रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटसमोर चाळीस प्रकरणं असतात. तो किंवा ती मान वर करून जे विचारते ते हे: आज सोडलं तर रात्री झोपणार कुठे? गोळ्या कोण देणार? पुढच्या तारखेला घेऊन कोण येणार? अहवालाच्या पहिल्या तीन ओळींत याची उत्तरं असली पाहिजेत, निवाऱ्याचं संमतिपत्र आणि ओपीडीचा केस पेपर मागे टाचलेला असला पाहिजे. बाकी तुम्हाला किती कळवळा आहे ते कोणी विचारत नाही, आणि खरं तर ते बरंच आहे.

एक गोंधळ सगळेच नवशिके करतात, कायद्याचे पदवीधरसुद्धा. गुन्हा घडला तेव्हाची मनःस्थिती आणि आज खटला चालवता येण्याजोगी मनःस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जुनं ८४. तिथे ‘त्या क्षणी आपण काय करतोय हे त्याला कळतच नव्हतं’ हे सिद्ध करावं लागतं आणि ते कठीण असतं. दुसरीसाठी नागरिक सुरक्षा संहितेतलं ३६७ पासूनचं प्रकरण. तिथे मॅजिस्ट्रेट सिव्हिल सर्जनकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे तपासणीला पाठवतात आणि अहवाल येईपर्यंत काम थांबतं.

थांबतं, या शब्दापाशी जरा सावध व्हा. आसामचे माचांग लालुंग १९५१ साली पकडले गेले, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले आणि २००५ साली सुटले. चोपन्न वर्षं. सुटले ते एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. खटला कधी चाललाच नाही. तेव्हापासून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं आहेत, तरीही लहान गुन्ह्यात ‘खटल्यास अक्षम’ असा शेरा मिळवणं हे आरोपीच्या भल्याचंच असतं असं समजू नका. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन महिने शिक्षा आहे त्यात तपासणी, अहवाल, फेरतपासणी यातच सहा महिने जाऊ शकतात. अशा वेळी मी वकिलांना आधी साधा जामीन मागायला सांगते, आणि उपचार वेगळ्या वाटेने सुरू करते.

याच्या उलटही एक सापळा आहे. ‘कबूल कर, आजच सुटशील’ असं कॉरिडॉरमध्ये कोणीतरी आरोपीच्या कानात सांगतं. आधीच दोन महिने आत काढलेले, म्हणून तेवढीच शिक्षा धरून खरंच सुटका होते. मग ती शिक्षा त्याच्या नावावर लागते, समज देऊन सुटण्याची वाट बंद होते, आणि पुढच्या वेळी पोलीस त्याच रस्त्यावरून त्यालाच आधी उचलतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर बाँडवर सोडायची तरतूद आहे, इतरांना अर्ध्यानंतर, आणि त्यासाठी अर्ज करणं ही तुरुंग अधीक्षकाची जबाबदारी आहे. पण एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर ही सवलत मिळत नाही. फुटपाथवर राहणाऱ्यावर एकच प्रकरण असणं तसं दुर्मीळच.

तुरुंगात पोहोचण्याआधीच वळवता आलं तर उत्तम. त्यासाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १००. हद्दीत भटकणारी एखादी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं तर तिला संरक्षणाखाली घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारीचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. कोठडीत वा तुरुंगात ठेवायचं नाही. बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून कुटुंब शोधायचं, हेही पोलिसांवरच. १९९३ मध्ये शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य ठरवलं होतं. तोपर्यंत बंगालच्या तुरुंगांत अशी माणसं सर्रास ठेवली जायची.

प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात काय होतं? कलम १०० केलं तर एक गाडी, दोन कर्मचारी आणि अख्खी रात्र जाते. कॅज्युअल्टीत बसून राहा, डॉक्टर म्हणणार मानसोपचार विभाग सकाळी उघडेल, सकाळी ते म्हणणार आमच्याकडे बेड नाही, ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्या. तिथे आणखी एक कागद कमी निघणार. त्यापेक्षा गाडीत घालून हद्दीबाहेर सोडणं सोपं. पोलिसांना शिव्या घालून काही निघत नाही. ठाणे अंमलदाराशी ओळख करून घ्या. कलम १०० ची मराठी प्रत खिशात ठेवा. विनंतीपत्र द्या, पोच घ्या, ठाणे दैनंदिनीत नोंद झाली का ते विचारा, आणि रुग्णालयात त्यांच्यासोबत स्वतः बसा. आपलं माणूस रात्रभर सोबत बसलेलं दिसलं की पुढच्या वेळी तोच अंमलदार आपल्याला फोन करतो. पोलीस तयारच नसतील तर कलम १०२ खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, ते तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात.

भरतीच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न, सोबत नातेवाईक कोण? मनोरुग्णाने उपचारांच्या निर्णयांत मदतीला स्वतः नेमलेला प्रतिनिधी नसेल, घरचं कोणी नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ समाजकल्याण संचालकांना किंवा त्यांच्या माणसाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतं. ते होईपर्यंत, मानसिक आजारी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी तात्पुरता हे काम करू शकतो. ही तरतूद कलम १४ मध्ये आहे आणि रुग्णालयातल्या कित्येकांना ती ठाऊक नसते. संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स कायम पिशवीत ठेवा. बेघर आणि निराधारांना उपचार मोफत, बीपीएल कार्ड असो नसो, हेही त्याच कायद्यात आहे.

भिक्षेकरी गृहाबद्दल दोन शब्द. मुंबईचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नाही आणि सार्वजनिक जागी फिरतोय, एवढ्यावरही माणूस त्यात बसतो, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच कायद्याची तिथली मुख्य कलमं रद्द केली. कोणी कोर्टात ‘निदान छप्पर तरी मिळेल’ म्हणून हा पर्याय सुचवला तर मान डोलावू नका. ती कोंडून ठेवण्याचीच जागा आहे. निवारा हवा असेल तर शहरी बेघरांसाठीचे निवारे आहेत. निकषाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा हवा. किती आहेत ते तुमच्या शहरात स्वतः मोजून बघा. मनोरुग्ण म्हटलं की तिथले व्यवस्थापक बिचकतात, कारण रात्री एकटा काळजीवाहक असतो. त्याला आपला नंबर द्या, गोळ्यांचा डबा आखून द्या, पहिले दोन-तीन दिवस रोज चक्कर मारा. मग तो घेतो.

एक केस जरा सविस्तर सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. साठीकडे झुकलेला माणूस, रेल्वेच्या हद्दीतून पितळी नळ काढला म्हणून पकडलेला. पोलिसांच्या कागदावर त्याचं एक नाव, तुरुंगाच्या रजिस्टरला दुसरं, आणि रुग्णालयाच्या केस पेपरवर नुसतं ‘अज्ञात पुरुष’. सगळे त्याला बाबा म्हणत. तीन नावांमुळे डॉक्टरांचा अहवाल याच आरोपीचा आहे हे कोर्टाला पटेना. मग तुरुंगाच्या बंदी क्रमांकावरून तिन्ही कागद जोडणारं पत्र वैद्यकीय अधिकाऱ्याकडून घेतलं. हे पत्र नंतर मी प्रत्येक फायलीत पहिल्याच आठवड्यात घ्यायला लागले.

बाबा बोलत नसत. प्लॅस्टिकची पिशवी घ्यायचे, घडी घालायचे, पुन्हा घडी, पुन्हा घडी, नखाएवढा चौकोन होईपर्यंत. मग उलगडून परत सुरू. गोळ्या सुरू होऊन तीनेक आठवडे झाल्यावर एका मुलाखतीत मी काहीतरी चौथ्यांदा विचारलं तर चिडून म्हणाले, ‘काहून इचारतं मंग?’ बाजूला उभा असलेला शिपाई हसला. तो अकोल्याचा. म्हणाला, मॅडम, हे तर आमच्याकडचं माणूस. पुढची चौकशी त्यानेच केली, त्यांच्या बोलीत. बुधवारचा बाजार, गावाबाहेर नदी, नदीपलीकडे सूतगिरणी. एवढ्यावरून दोन तालुक्यांतल्या ठाण्यांना फोन, तिथून पोलीस पाटलांचे नंबर, व्हॉट्सअॅपवर फोटो. कुटुंब शोधायचं असेल तर महाराष्ट्रात पोलीस पाटलासारखा माणूस नाही. सरपंच बदलतात, पोलीस पाटील वर्षानुवर्षं तोच असतो आणि त्याला कोणाचा कोण कुठे गेला ते माहीत असतं.

भाऊ सापडला. फोनवर त्याचा पहिला प्रश्न: ‘तो हिस्सा मागायला येतोय का?’ सातबाऱ्यावरून बाबांचं नाव कधीच कमी झालेलं होतं. नवीन मुलांना इथे भावाचा राग येतो. मी त्यांना म्हणते, थांबा. कोरडवाहू चार एकर, पंधरा वर्षं बेपत्ता भाऊ, आणि एक दिवस मुंबईहून कोणी बाई फोन करून सांगते की तो तुरुंगात आहे. घाबरणारच. जमिनीचा विषय आम्ही काढला नाही, आणि काढणार नाही असंही सांगितलं नाही, कारण त्या हक्कावर पाणी सोडणारी मी कोण? शेवटी आली ती बहीण, मुलाला घेऊन, रात्रभराचा प्रवास करून. तिच्या आधार कार्डावर आणि आमच्या संस्थेच्या पत्रावर ३६९ खाली सुटका झाली.

पण सुटकेचा आदेश म्हणजे सुटका नव्हे, हे लक्षात ठेवा. आदेश ठरलेल्या वेळेआधी तुरुंगाच्या जामीन पेटीत पडला नाही तर तो दिवस गेला. सुटका होते ती संध्याकाळी, अंधारून येताना. मानसोपचाराच्या गोळ्या आत चालू असतात, त्या गेटवर थांबतात. म्हणून दोन दिवस आधीच वैद्यकीय अधिकाऱ्याकडून उपचारांचा सारांश आणि निदान आठवड्याच्या गोळ्या मागून ठेवा, आणि गेटवर आपलं माणूस उभं करा. बाबांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीला आधीच कळवून ठेवलं होतं. दिवाळीपर्यंत त्यांनी गोळ्या घेतल्या, मग सोडल्या. बहिणीने गावातल्या आशाताईच्या फोनवरून कळवलं, पुन्हा सुरू झाल्या. बरे झाल्यावर खटला परत उभा राहतो, म्हणजे मुंबईची तारीख आलीच. तिथे कलम ३ ने हात दिला, समज देऊन प्रकरण मिटलं.

कुटुंब सापडत नाही किंवा घेत नाही, तेव्हा काय? कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा फाउंडेशन आहे, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून देशभर घरी पोहोचवण्याचं काम ते १९८८ पासून करतायत, २०१८ चा मॅगसेसे त्यासाठीच मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान फक्त स्त्रियांसाठी. चेन्नईची बन्यान. या ठिकाणी आठवडाभर तरी राहून या. तिथे जागा मागताना ‘केस टाकून मोकळे झालो’ असं वागू नका. दाखल केल्यावरही तारखा आपल्यालाच सांभाळायच्या असतात.

शिक्षणाचं विचाराल तर एमएसडब्ल्यू हा सरळ रस्ता. मुंबईत टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. टिसचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून तुरुंग आणि पोलीस ठाण्यांत सामाजिक कार्यकर्ते बसवतोय, ‘कोशिश’ बेघर आणि भिक्षेकरी गृहांत काम करतो. फील्डवर्क तिथे मिळालं तर सोडू नका. मानसोपचार सामाजिक कार्यात खोल जायचं असेल तर बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था, निम्हान्स. कायदा शिकून आलेल्यांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील यंत्रणेत काही काळ घालवावा. पदवी अर्धवट असेल तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून नाव देता येतं, मानधन बेताचं, पण तुरुंगाचं दार उघडतं. प्रबंधासाठी अमेरिकेतली मेंटल हेल्थ कोर्टं, म्हणजे मानसिक आजारी आरोपींना तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवणारी न्यायालयं, हा विषय सगळ्यांना आवडतो. १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत पहिलं सुरू झालं, वाचण्यासारखं आहे. फक्त शिफारशींत ‘भारतातही अशी न्यायालयं हवीत’ असं लिहिण्याआधी तुमच्या तालुक्याच्या कोर्टात ३६९ चे किती अर्ज पडले ते शोधा.

पगाराबद्दल खोटं बोलत नाही. नोकऱ्या बहुधा प्रकल्पावर, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. निधी संपला की माणूस जातो. घरी ‘वेड्यांमध्ये आणि चोरांमध्ये’ काम करते म्हणून लग्नाच्या बोलणीत अडचण आलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत. मुलींना तुरुंगात जाताना भीती वाटते का, असं नेहमी विचारतात. बॅरकपेक्षा मला कोर्टाच्या लिफ्टमधल्या गर्दीचा त्रास जास्त झालाय.

कंत्राट संपणार हे धरूनच फाइल ठेवा. पहिल्या पानावर: कोर्ट कोणतं, केस नंबर, पुढची तारीख, वकिलाचा नंबर, बंदी क्रमांक, कागदांवरची सगळी नावं, चालू गोळ्या आणि त्यांचं प्रमाण, ओपीडीचा वार, हमी कोणाच्या नावाने दिली आहे, आणि घरच्या बाजूने फोन उचलणारा माणूस कोण. दुसऱ्या पानावर, बंदी काय बोलला तर ऐकतो आणि कशाने बिथरतो ते चार ओळींत. तुमच्या जागी येणारी मुलगी तुम्हाला कधी भेटणारही नाही कदाचित, पण सोमवारी सकाळी अकराला तिला ती फाइल घेऊन कोर्टात उभं राहावं लागणार आहे. जाण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना, तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि निवाऱ्याच्या काळजीवाहकाला तिचा नंबर देऊन ठेवा. नवीन माणूस नेमलाच नसेल तर संस्थेचा ऑफिस नंबर, आणि सोबत विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० व मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. कोर्टातल्या प्रत्येक हमीपत्राची एक प्रत संस्थेच्या कपाटात लावा, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवा.